छोट्या आयसीयूतून एक्मोसाठी फोन कधी करायचा, आणि टीम येईपर्यंत काय तयार ठेवायचं?

कासारवडवली_आयसीयू

नमस्कार. घोडबंदर रोडवरच्या १० खाटांच्या आयसीयूतून विचारतेय. व्हेंटिलेटर, एबीजी (धमनीतल्या रक्ताची गॅस तपासणी) आणि बेडसाइड इको आहे, डायलिसिसचं मशीन बाहेरून मागवतो, एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणारं मशीन) नाही. पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), फाल्सिपेरम मलेरिया आणि स्वाइन फ्लूचे तरुण पेशंट एआरडीएसमध्ये (फुफ्फुसं सुजून ऑक्सिजन घेईनाशी होतात) जातात. प्रोन (पालथं झोपवणं) करूनही सॅच्युरेशन धरत नाही, मग कुणीतरी म्हणतं "एक्मोला पाठवा". तोवर पेशंट इतका अस्थिर झालेला असतो की कापूरबावडी-माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून हलवायची छाती होत नाही.

नेमक्या कोणत्या आकड्यांवर फोन करायचा? टीम आमच्याकडे येऊन कॅन्युला (एक्मोच्या जाड नळ्या) घालणार असेल तर काय तयार ठेवायचं आणि कशाला हात लावायचा नाही? नातेवाईक विचारतात, "मशीनने फुफ्फुस बरं होणार का?" त्यांना खरं उत्तर काय द्यायचं, खर्चाचं काय सांगायचं? हार्टसाठीच्या एक्मोबद्दलही कुणी लिहिलं तर बरं होईल. मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूची सूज) आणि सेल्फॉसच्या (धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइड) केसेस अधूनमधून येतात.

वाशी_क्रिटिकल_केअर

नातेवाइकांच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण फोनची वेळ त्यावरूनच ठरते. एक्मो काहीही बरं करत नाही. ते रक्त बाहेर काढतं, त्यात ऑक्सिजन भरतं, कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि रक्त परत आत सोडतं. एवढ्या वेळात पेनिसिलिन, आर्टेसुनेट, पेशंटची स्वतःची ताकद यांनी आपापलं काम करायचं. शिवाय व्हेंटिलेटरचा मारा थांबल्यामुळे फुफ्फुसाला नवी इजा होत नाही. म्हणून बघायच्या गोष्टी दोनच: मूळ आजार उलटणारा आहे का, आणि जास्त प्रेशरवर फुफ्फुस आधीच किती दिवस काढून बसलंय.

फोनआधी व्हेंटिलेटर तपासा. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) उंचीवरून काढा, वजनकाट्यावरून नको. १६५ सेंमी उंचीच्या पुरुषाचं अपेक्षित वजन ६१.५ किलो येतं, म्हणजे किलोला ६ मिलीने साधारण ३७० मिली. पेशंट प्रत्यक्षात ९० किलोचा असला तरी तेवढंच. प्लॅटो (श्वास आत रोखून मोजलेलं प्रेशर) ३० च्या आत. पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात टिकवलेलं प्रेशर) ५ वर ठेवून "एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजन) १०० टक्के, तरी सॅच्युरेशन नाही" असा फोन आला की पहिलं उत्तर "पीप वाढवा" हेच मिळणार. स्नायू शिथिल करणारं औषध आणि किमान १६ तासांचं प्रोन करून पाहिलेलं हवं. दोन तास पालथं घालून "फरक नाही" म्हणणं म्हणजे प्रोन झालं असं नाही. लेप्टोत पाणी जास्त झालंय का तेही बघा, कित्येकदा डायलिसिसने दोन लिटर काढले की पी-एफ रेशो (धमनीतला ऑक्सिजन भागिले एफआयओटू) सुधारतो.

आता आकडे. २०१८च्या इओलिया चाचणीत एक्मोसाठी हे निकष होते: पी-एफ रेशो ५० च्या खाली ३ तासांहून जास्त, किंवा ८० च्या खाली ६ तासांहून जास्त, किंवा पीएच ७.२५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ६० किंवा त्याहून वर, ६ तासांहून जास्त. हे मशीन लावण्याचे आकडे आहेत. फोन करण्याचे आकडे याच्या आधीचे हवेत. माझा हिशेब असा: पहिलं प्रोन चालू असताना पी-एफ १०० च्या खाली राहिला, किंवा प्लॅटो ३० च्या वर गेल्याशिवाय कार्बन डायऑक्साइड निघत नाही, की फोन करायचा. पेशंट पाठवायचा की नाही हे तेव्हा ठरवायचंच नसतं. समोरच्या टीमला केस माहीत झाली की सेट, माणसं, बेड आणि रक्त यांचा अंदाज ते घेऊन ठेवतात.

त्याच चाचणीत २४९ पेशंट होते. ६० दिवसांतले मृत्यू एक्मो गटात ३५ टक्के, दुसऱ्या, नेहमीच्या व्हेंटिलेटर उपचारांच्या गटात ४६ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पुरेसा ठरला नाही, हेही लिहायला हवं. पण दुसऱ्या गटातल्या २८ टक्के पेशंटना हाताबाहेर गेल्यावर शेवटी एक्मोच लावावं लागलं होतं आणि त्यांचे हाल सर्वांत वाईट झाले. उशिराचा अर्थ काय, हे त्यावरून कळतं.

कुणासाठी फोनच करू नये? मेंदूत मोठा रक्तस्राव, पसरलेला कॅन्सर, शेवटच्या टप्प्यातला फुफ्फुस किंवा लिव्हरचा आजार ज्यात प्रत्यारोपणाचा विचार नाही. जास्त प्रेशर आणि जास्त ऑक्सिजनवर ७ दिवसांपेक्षा अधिक गेले असतील तर बहुतेक सेंटर मागे हटतात. लठ्ठपणा, गरोदरपण किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असणं ही कारणं नाहीत.

रात्रपाळी_नेरूळ

वाशी सरांच्या आकड्यांशी सहमत, एक भर. प्रत्येक पी-एफ १०० ला फोन केला तर समोरचे वैतागतील अशी भीती वाटते, म्हणून लोक थांबतात. फोन दोन मिनिटांत आटोपतो, जर कागद समोर असेल तर: वय, उंची, वजन, निदान, व्हेंटिलेटरचा कितवा दिवस, पीप, प्लॅटो, एफआयओटू, शेवटचे दोन एबीजी वेळेसकट, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा (बीपी टिकवणारं औषध) डोस, लॅक्टेट, लघवी, प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), डोळ्यांच्या बाहुल्या, इकोमध्ये दोन्ही बाजूंचं हृदय कसं चालतंय. "पेशंट सिरियस आहे, एक्मो पाहिजे" या वाक्यावर कुणीच काही ठरवू शकत नाही.

इको सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यावर नळ्या कुठे जाणार ते ठरतं. हृदय ठीक असेल तर व्हीव्ही: शिरेतून काढायचं, शिरेतच परत. हृदय बंद पडत चाललं असेल तर व्हीए: शिरेतून काढून धमनीत. हायपॉक्सियाने (ऑक्सिजन कमी पडल्याने) उजवं हृदय फुगलेलं असतं, पण ऑक्सिजन मिळाला की कित्येकदा व्हीव्हीवरच ते सावरतं, त्यामुळे थोड्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनला घाबरून थेट व्हीए मागू नका.

टीम यायच्या आधी:

उजवी मान मोकळी ठेवा. परत येणारी नळी उजव्या इंटर्नल जुग्युलरमध्ये (मानेतली मोठी शीर) घालतात, म्हणून सेंट्रल लाइन डावीकडे टाका. उजवीकडे आधीच असेल तर घाईने उपटू नका, फोनवर सांगा. डायलिसिस कॅथेटरही उजव्या जांघेत नको. दोन्ही जांघा साफ करून ठेवा. आर्टेरियल लाइन उजव्या रेडियलमध्ये (मनगटाची धमनी), त्याचं कारण व्हीएवाले पुढे लिहितीलच.

रक्तगट, क्रॉसमॅच आणि पीआरबीसीच्या (तांबड्या पेशींच्या) ४ पिशव्या. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर प्लेटलेटची सोय. ठाण्यात रात्री रक्तपेढीची फेरी म्हणजे तासभर धरूनच चाला, टीम निघाली की माणूस पाठवा, पोचल्यावर नव्हे.

पलंग भिंतीपासून ओढून घ्या, डोक्याकडे माणूस उभा राहील इतकी जागा हवी. ऑक्सिजनचे दोन पॉइंट, कारण एक व्हेंटिलेटरला आणि एक मशीनच्या ब्लेंडरला लागतो. कॉम्प्रेस्ड एअरचा पॉइंट नसेल तर आधी कळवा, सुरुवातीला निव्वळ ऑक्सिजनवर चालवता येतं. जनरेटरवर असलेले किमान चार सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्डाच्या माळेवर एक्मो आणि हीटर एकत्र लावू नका. हीटर भरपूर करंट ओढतो, एमसीबी पडला की सगळंच बंद. लिफ्टचं दार आणि खोली टेपने मोजून सांगा. ट्रॉली, मशीन आणि तीन माणसं मावत नसतील तर ते आधी माहीत असलेलं बरं.

पंपावरचा_माणूस_ऐरोली

पर्फ्युजनच्या (पंप चालवणाऱ्यांच्या) बाजूने लिहितो, कारण टीम गेल्यावर पहिले काही तास ते मशीन तुमच्याच आयसीयूत असू शकतं.

सर्किट फार गुंतागुंतीचं नाही. रक्त काढणारी नळी प्रौढांत २३ ते २९ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप). २५ फ्रेंच म्हणजे ८.३ मिलिमीटर व्यास, जवळपास करंगळीएवढी. परतीची व्हीव्हीत १७ ते २३, व्हीएत धमनीसाठी १५ ते १९. मध्ये सेंट्रिफ्युगल पंप, पुढे ऑक्सिजनेटर. त्यात पॉलिमिथाइलपेंटीनच्या बारीक पोकळ धाग्यांचा गठ्ठा असतो. धाग्यांच्या आतून गॅस, बाहेरून रक्त, दोघं कधी थेट भेटत नाहीत. सर्किट भरायला साधारण ५०० ते ७०० मिली सलाइन लागतं, त्यामुळे सुरू केल्याबरोबर हिमोग्लोबिन पडतं आणि पाच-दहा मिनिटं बीपीही पडू शकतं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची सिरिंज अर्धी संपलेली असेल तर आधीच बदला.

ऑपरेशन थिएटरमधलं हार्ट-लंग मशीन आणि हे, तत्त्व एक. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात ते यशस्वीपणे वापरलं. पण थिएटरमधल्यात रक्ताचा उघडा साठा असतो, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) भरपूर लागतं, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४०० सेकंदांच्या वर न्यावा लागतो, आणि काम काही तासांचं असतं. एक्मोचं सर्किट बंद असतं, एसीटी १८० ते २२० वर भागतो, म्हणून ते दिवसेंदिवस, आठवडेही चालतं. उघडा साठा नसल्यामुळे आत हवा शिरली तर तिला बाहेर पडायला जागा नाही, हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा.

दोन बटणं, दोन कामं. रक्ताचा फ्लो वाढवला की ऑक्सिजन वाढतो. किलोला ६० ते ८० मिली दर मिनिटाला, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ४ ते ५.५ लिटर. गॅसचा फ्लो, ज्याला स्वीप म्हणतात, तो वाढवला की कार्बन डायऑक्साइड जातो. सुरुवात कमी स्वीपवर करून हळूहळू चढवा. ज्याचा कार्बन डायऑक्साइड ९० आहे तो अर्ध्या तासात ४० वर आणला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात. पहिल्या २४ तासांत निम्म्याहून जास्त उतार नको.

आता बिघाड. सर्वांत जास्त दिसतो तो म्हणजे नळी थडथडणं. सोसायटीच्या टाकीत पाणी तळाला गेलं की मोटर चालू असताना पाइप जसा धडधडतो, तसंच. शिरेची भिंत नळीच्या छिद्रांना चिकटते. लोक फ्लो पडला म्हणून आरपीएम वाढवतात, त्याने ओढ आणखी वाढते आणि रक्तपेशी फुटतात. आधी आरपीएम कमी करा, मग कारण शोधा: रक्तस्राव, पाणी कमी, खोकला, पोट फुगलेलं, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत साचलेली हवा), नळी सरकलेली. ओढीचं प्रेशर उणे १०० च्या पलीकडे जाऊ देऊ नये.

दुसरं, ऑक्सिजनेटरमध्ये क्लॉट. दर पाळीला टॉर्च मारून कोपरे बघा. काळपट डाग म्हणजे गुठळी, पांढुरके धागे म्हणजे फायब्रिन. डाग दिसला म्हणून लगेच बदलत नाहीत. ऑक्सिजनेटरच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर यातला फरक वाढत चाललाय का, १०० टक्के ऑक्सिजनवर ऑक्सिजनेटरनंतरच्या रक्ताचा पीओटू २०० च्या खाली येतोय का, प्लाझ्मा फ्री हिमोग्लोबिन (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेलं) ५० च्या वर गेलं का, लघवी चहाच्या रंगाची झाली का, हे सगळं एकत्र बघून ठरतं. कधी नुसती गॅसच्या बाजूला वाफ साचलेली असते. स्वीप काही सेकंद १० लिटरवर नेऊन परत आणला की ती निघते.

तिसरं आणि भयंकर, हवा. रक्त ओढणाऱ्या बाजूला प्रेशर उणे असतं, त्यामुळे तिकडचा एखादा थ्री-वे ढिला राहिला तर रक्त गळत नाही, हवा आत जाते. म्हणून त्या बाजूच्या कनेक्टरमधून कुणीही सॅम्पल काढायचं नाही, औषध द्यायचं नाही. हवा दिसली तर पेशंटजवळ परतीची नळी क्लॅम्प, पंप बंद, दुसरी क्लॅम्प, डोकं खाली, व्हेंटिलेटर पूर्ण सेटिंगवर, आणि टीमला आरोळी. पलंगाला चार क्लॅम्प टांगलेले हवेत, कपाटात नकोत.

वीज गेली तर बॅटरी असते. पंपाचा मोटर कन्सोलच बंद पडला तर हँड क्रँक असतो. पंप हेड त्यावर बसवून हाताने फिरवायचं. व्हीएमध्ये पंप थांबला की धमनीतलं रक्त उलटं शिरेकडे धावतं, म्हणून तिथे आधी परतीची नळी क्लॅम्प, मग क्रँक, आरपीएम चढल्यावरच क्लॅम्प काढा.

कासारवडवली_आयसीयू

खूप उपयोगाचं. एक अडलेलं: आमचे लेप्टोचे पेशंट फुफ्फुसातूनच रक्त टाकत असतात, प्लेटलेट २० हजार. त्यांना हेपॅरिन कसं देणार? या एका कारणाने आम्ही कित्येकांसाठी फोनच केला नाही.

वाशी_क्रिटिकल_केअर

फोन न करण्याचं हे कारण नाही, डॉक्टर. नेहमीचा रिवाज असा: नळ्या घालताना किलोला ५० ते १०० युनिटचा बोलस, मग इन्फ्युजन, एपीटीटी (गोठण्याचा वेळ मोजणारी तपासणी) दीड ते दोन-अडीच पट. रक्तस्राव असेल तर बोलस कमी किंवा शून्य. आजची सर्किट आतून हेपॅरिनचा किंवा तशाच रसायनाचा थर दिलेली असतात. व्हीव्हीत फ्लो चांगला ४ लिटरच्या आसपास असेल तर हेपॅरिनशिवाय तासच नव्हे, काही दिवस चालवता येतं. गुठळी झाली तर ती बहुतेक ऑक्सिजनेटरमध्ये अडकते, तो बदलता येतो. व्हीएमध्ये ही मोकळीक कमी, कारण परतीचं रक्त थेट धमनीत जातं.

प्लेटलेट ५० हजारांच्या आसपास ठेवायचे, फायब्रिनोजेन १५० च्या वर. लेप्टोत फुफ्फुसातला रक्तस्राव पहिले काही दिवस जोरात असतो आणि मग ओसरतो. तेवढेच दिवस काढून देणं हे एक्मोचं नेमकं काम. एक्मोवर रक्तस्रावाची आणखी दोन कारणं असतात: पंपाच्या घुसळणीत व्हॉन विलब्रँड घटक तुटतो, आणि प्लेटलेट सर्किटमध्ये खर्च होतात. म्हणून गरज नसलेलं टोचणं बंद: आयएम इंजेक्शन नाही, नाकातून नवी नळी नाही, सक्शन हलक्या हाताने.

व्हीव्ही सुरू झाल्यावर सॅच्युरेशन ८५-९० टक्के दिसलं तर घाबरू नका. पेशंटचं स्वतःचं काही रक्त आजारी फुफ्फुसातून जातंच आणि मिसळतं. हिमोग्लोबिन आणि लॅक्टेट ठीक असेल तर ते चालतं. ९८ टक्के करायला व्हेंटिलेटर वर चढवला की एक्मोचा फायदाच गेला. व्हेंटिलेटर विश्रांतीवर: प्लॅटो २५ च्या आत, पीप १० च्या आसपास, रेट १०, एफआयओटू ३० ते ५० टक्के. टायडल व्हॉल्यूम १०० मिली दिसेल, दिसू दे.

फ्लो वाढवला तरी सॅच्युरेशन उलट घसरतंय आणि ओढणाऱ्या नळीतलं रक्तही लालभडक दिसतंय, तर ते रीसर्क्युलेशन. ऑक्सिजन भरलेलं रक्तच परत ओढलं जातंय, दोन नळ्यांची टोकं फार जवळ आली आहेत. इको लावून नळी थोडी मागे घेणं हा उपाय, फ्लो वाढवणं नव्हे.

एक फसवी गोष्ट: हीट एक्स्चेंजर पेशंटला ३७ वर धरून ठेवतो, त्यामुळे ताप दिसत नाही. नव्या इन्फेक्शनसाठी पांढऱ्या पेशी, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा चढता डोस, प्रोकॅल्सिटोनिन बघा. आणि फेंटानिल, मिडाझोलाम, प्रोपोफॉल सर्किटच्या प्लास्टिकला चिकटतात. पहिल्या दिवशी सिडेशन जास्त लागलं तर आश्चर्य नको.

कार्डियाक_भूल_ठाणे

हार्टच्या बाजूचं लिहिते.

व्हीएचा चांगला उपयोग कुठे: तरुण मायोकार्डायटिस, बीटा ब्लॉकरसारख्या औषधांचा ओव्हरडोस, मोठं पल्मोनरी एम्बोलिझम (फुफ्फुसाच्या धमनीत अडकलेली गुठळी), हार्ट सर्जरीनंतर न सावरणारं हृदय, आणि सेल्फॉस. ॲल्युमिनियम फॉस्फाइडमध्ये हृदयाचा स्नायू काही दिवस लुळा पडतो आणि पेशंट जगला तर बहुधा पूर्ण सावरतो. लुधियानाच्या मंडळींनी व्हीए लावून यात चांगले निकाल छापले आहेत. मुरबाड-शहापूरकडून धान्याच्या गोळ्या खाऊन आलेला पेशंट बोलत असतो, बीपी ९० असतं, म्हणून सगळे थोडे निर्धास्त असतात. इकोमध्ये ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त ढकलतं) खाली आणि पीएच ७.२ कडे निघालं असेल तर तेव्हाच फोन करा. तिथे तास मोजायचे असतात.

हार्ट अ‍ॅटॅकच्या शॉकमध्ये मात्र सरसकट व्हीएचा आग्रह धरू नका. २०२३च्या ईसीएलएस-शॉक चाचणीत ३० दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत सारखेच, ४८ आणि ४९ टक्के. रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा तुटणं एक्मो गटात जास्त. अँजिओप्लास्टी आधी, एक्मो निवडक लोकांना. सीपीआर चालू असताना एक्मो लावण्याबद्दलही विचारणा होते. अमेरिकेतल्या एका सेंटरच्या चाचणीत निकाल झगझगीत आले, नेदरलँड्सच्या अनेक सेंटरच्या चाचणीत फारसा फरक दिसला नाही. त्यासाठी हृदय थांबल्यापासून तासाभरात पंप फिरायला हवा. एक्मो असलेल्याच इमारतीत हृदय थांबलं तर शक्य आहे. घोडबंदरहून बोलावून नाही.

उजव्या रेडियलचं कारण. जांघेतल्या धमनीतून रक्त उलटं वर ढकललं जातं. हृदय थोडं सावरायला लागलं पण फुफ्फुस खराबच असेल, तर हृदय काळं रक्त पुढे ढकलतं आणि दोन प्रवाह महाधमनीत कुठेतरी भेटतात. भेटीच्या जागेच्या अलीकडचा भाग, म्हणजे कोरोनरी, उजवा हात आणि मेंदू, काळ्या रक्तावर. पायाच्या बोटाला प्रोब लावला तर १०० टक्के दिसेल आणि मेंदू गुदमरत असेल. म्हणून एबीजी उजव्या हाताचा, प्रोबही उजव्या हाताला किंवा उजव्या कानाला. उपाय: व्हेंटिलेटर सुधारा, नाहीतर मानेत आणखी एक परतीची नळी.

पाय: १७ फ्रेंचची नळी मांडीची धमनी जवळपास बंद करते. त्याच पायात खाली ५ ते ८ फ्रेंचची छोटी नळी घालून रक्त देतात. ती दिसली नाही तर टीमला विचारा. तासाला पाऊल गार आहे का, पोटरी कडक झाली का, डॉपलर लागतो का, लिहून ठेवा.

आणखी एक, जे सहज सुटतं. व्हीए हृदयावरचा भार कमी करतं असं वाटतं, पण डाव्या बाजूपुरतं तरी उलट आहे. पंप महाधमनीत प्रेशर चढवतो, कमजोर डावं हृदय त्याविरुद्ध झडप उघडू शकत नाही, आत रक्त साचतं, फुफ्फुसात पाणी भरतं, आत गुठळी होते. आर्टेरियल लाइनचा आलेख सपाट झाला की लगेच इको. फ्लो कमी करणं, डोब्युटामिन, बलून पंप, इम्पेला (हृदयात बसवायचा छोटा पंप), किंवा डावी बाजू रिकामी करणारी वेगळी नळी, या क्रमाने पुढे जातात.

कासारवडवली_आयसीयू

आणि काढतात कधी? नातेवाईक दुसऱ्याच दिवशी विचारतात.

वाशी_क्रिटिकल_केअर

व्हीव्ही: एक्स-रे उजळला, फुफ्फुसाची लवचीकता वाढली, व्हेंटिलेटर ५०-६० टक्के ऑक्सिजनवर आला की स्वीप बंद करून काही तास बघायचं. रक्त फिरत राहतं, गॅस नाही. एबीजी टिकला तर नळ्या निघतात. फ्लो मात्र २ लिटरच्या खाली रेंगाळत ठेवू नका, क्लॉट होतो. व्हीए उलट: फ्लोच पायरीपायरीने १ ते १.५ लिटरवर आणून इको. ईएफ २०-२५ टक्क्यांच्या वर आणि एलव्हीओटी व्हीटीआय (डावं हृदय एका ठोक्याला किती रक्त पुढे टाकतं याचं इकोवरचं माप) १० सेंमीच्या वर असेल तर आशा.

नातेवाइकांना सांगताना एल्सोच्या (एक्मोची आंतरराष्ट्रीय संघटना) जागतिक नोंदणीचे ढोबळ आकडे वापरतो: प्रौढांत फुफ्फुसासाठी लावलेल्या १०० पैकी साधारण ६० हॉस्पिटलमधून बाहेर पडतात, हृदयासाठी ४५च्या आसपास, सीपीआरमध्ये लावलेल्यांत ३०. आणि पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यायचं की अमुक दिवसांनी पुन्हा बसू, आणि मेंदूत मोठा रक्तस्राव झाला किंवा फुफ्फुस-हृदय सावरायचं चिन्हच नसेल तर मशीन थांबवण्याबद्दल बोलू. हे न बोलता सुरू केलं तर थांबवणं फार अवघड जातं.

समाजसेवा_विभाग

पैशांचं. एकूण बिल कोणी आधी सांगू शकत नाही, पण भाग पाडून लेखी विचारता येतं: सेट आणि कॅन्युला (एकदाच, पण ऑक्सिजनेटर बदलला तर पुन्हा), रोजचं मशीन आणि पर्फ्युजनिस्टचं भाडं, आयसीयू, रक्ताच्या पिशव्या, तपासण्या, डायलिसिस. पहिला दिवस सर्वांत महाग. दोन आठवडे चाललं तर किती, हा आकडा पहिल्याच दिवशी मागून घ्या. नुसता रोजचा दर ऐकून लोक फसतात.

धर्मादाय रुग्णालय असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आधार ही कागदपत्रं शिफ्ट करतानाच फाइलमध्ये घाला, नंतर गावाहून मागवण्यात आठवडा जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. त्या आजाराचं कोणतं पॅकेज बसतं ते आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) पेशंट दाखल होतानाच विचारा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज वेगळा, त्याला रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. ते त्याच दिवशी मागा.

पंपावरचा_माणूस_ऐरोली

शिफ्टिंगचा हिशेब राहिला होता. बी टाइप सिलिंडर म्हणजे १५०० लिटर. व्हेंटिलेटर १० आणि स्वीप ५ धरला तर मिनिटाला १५ लिटर, म्हणजे १०० मिनिटं. कासारवडवलीहून बेलापूर मोकळ्या रस्त्याला त्यात बसतं, संध्याकाळी पावसात बसत नाही. अंदाजाच्या दुप्पट ऑक्सिजन न्यायचा, म्हणजे मोठा जम्बो सिलिंडर. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं आणि उंचीचीही अडचण, त्यामुळे पावसात कळव्याऐवजी मुलुंड-ऐरोली पुलावरून जा. ट्रॅफिक पोलिसांना निघण्याआधी कळवा, अडकल्यावर नाही.

मशीन ट्रॉलीवर नव्हे, पेशंटच्या पायांमध्ये किंवा पलंगाला घट्ट बांधून. मान, जांघ, दोन्हीकडे नळ्या दोन ठिकाणी टाक्यांनी आणि पट्टीने बांधलेल्या, त्वचेवर पेनने खूण, सेंटीमीटरचा आकडा फाइलमध्ये. उचलताना एक माणूस फक्त नळ्यांवर, बाकी काही करायचं नाही, आणि "उचला" तोच म्हणणार. लिफ्टमध्ये, गाडीत चढवताना, समोरच्या पलंगावर घेताना, अशा तीन जागी नळी ओढली जाते. प्रत्येक जागी थांबून फ्लो आणि खूण बघा, मगच पुढे.